हात काळे झाले तर बिघडलं कुठे?

तर मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. कुणा एकाशी नाही, आपल्या सगळ्यांशी. 'आपण' म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे: इंजिनियरिंगची डिग्री, आयटीत नोकरी, वय पंचविशी आणि तिशीच्या मधे. मुक्काम पुणे, मुंबई, बंगलोर, किंवा माझ्यासारखा अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एखाद्या गावात.

भांडणाचं निमित्त आहे रबराचा एक पट्टा. आणि एक वाक्य. वाक्य असं: "अरे, तू कशाला हात काळे करतोस? देऊन टाक ना कुणालातरी!"

हे वाक्य गेल्या वर्षभरात मला किमान दहा जणांनी ऐकवलंय. सगळे इंजिनियर. त्यातले चौघे तर माझ्यासारखेच मेकॅनिकलवाले, कॅम्पसमधून उचलले गेलेले आणि तीन महिन्यांच्या ट्रेनिंगनंतर जावा लिहायला लागलेले. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, उलट काळजीच असते. पण त्या वाक्याच्या पोटात जे काही भरलंय ते मला अजिबात मान्य नाही. का मान्य नाही ते आज लिहितो. चहा घेऊन बसा, लांबण लागणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी राहतो इलिनॉय राज्यात, ब्लूमिंग्टन गावाच्या कडेला. भाड्याचं घर जुनं आहे आणि त्याच्याभोवती जवळजवळ एक एकर गवत आहे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. सांगलीकडच्या माझ्या मामांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग लावलंयस काय त्यात?" म्हटलं, गवत. "बरं, जनावरं किती?" म्हटलं, एकही नाही. त्यावर मामा बराच वेळ काही बोललेच नाहीत.

तर इथे गवत ही शोभेची वस्तू आहे. त्याला खत घालायचं, म्हणजे ते वाढतं. वाढलं म्हणून कापायचं. कापलं नाही तर शेजारचे लोक बघतात, आणि बऱ्याच गावांत ठराविक इंचांच्या वर गेलं की नगरपालिकेची नोटीस येते. हा सगळा प्रकार शहाणपणाचा आहे का, हा वेगळ्या भांडणाचा विषय. पण भाडेकरारात गवत माझ्या नावावर आहे, आणि एवढं गवत ढकलगाडीसारख्या मशीनने कापायचं म्हणजे अख्खा शनिवार. म्हणून लोक बसून चालवायचं मशीन घेतात, राइड-ऑन मोवर. खुर्ची, स्टिअरिंग, चार चाकं आणि पोटाखाली गरगर फिरणारी पाती. लहान ट्रॅक्टरच म्हणा ना. मी एका निवृत्त शेतकरी आजोबांकडून जुनं मशीन ६०० डॉलरला घेतलं.

या मशीनमध्ये दोन पट्टे असतात. एक इंजिनाची ताकद पात्यांना देतो, दुसरा मागच्या चाकांना. मागच्या मे महिन्यात हा दुसरा पट्टा गेला. म्हणजे तुटला नाही, झिजला. इंजिन जोरात चाललंय, सपाटीवर मशीनही चालतंय, पण जरा चढ आला की जागच्या जागी धापा टाकतंय आणि जळक्या रबराचा वास येतोय. गावातल्या एका दुकानात विचारलं. पट्टा, मजुरी, मशीन घरून न्यायचं आणि परत आणून द्यायचं (दोनशे किलोचं धूड आहे, मोटारीच्या डिकीत घालून नेता येत नाही), सगळं मिळून २३० डॉलर. आणि सीझन असल्यामुळे तीन आठवडे थांबा. नुसता पट्टा मिळाला ३६ डॉलरला.

आता हे काम नक्की किती अवघड आहे ते बघा. मशीन सपाट फरशीवर लावायचं. किल्ली काढायची, स्पार्क प्लगची वायर उपसून बाजूला बांधायची, बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडवायची. (हे केल्याशिवाय पात्यांच्या जवळपासही हात न्यायचा नाही. यात शौर्य दाखवायचं काही कारण नाही.) मग पात्यांची पेटी, जिला इथे डेक म्हणतात, ती पार खाली उतरवायची, तिचा पट्टा इंजिनाखालच्या पुलीवरून काढायचा, चार-पाच पिना उपसायच्या आणि पेटी बाजूने सरकवत बाहेर ओढायची. आता ब्रेकचं पेडल दाबून पार्किंग ब्रेक लावायचा. कारण माझ्या मशीनमध्ये पट्टा हाच क्लच आहे. स्प्रिंगने ओढलेली एक पुली पट्ट्याला ताणून धरते. पेडल दाबलं की ती पुली मागे सरते, पट्टा सैल पडतो, इंजिन फिरत राहतं आणि चाकं थांबतात. ब्रेक लावून ठेवला की पट्टा सैलच राहतो आणि हाताने काढता येतो.

काढण्याआधी फोनवर पाच-सहा फोटो. पट्टा कुठल्या पुलीच्या आतून जातो, कुठल्या बाहेरून, कुठे त्याची पाठ टेकते, कुठे पोट. पट्टा उडू नये म्हणून जागोजागी लोखंडी खुंट्या असतात, नवा पट्टा त्यांच्या आतूनच गेला पाहिजे. जुना काढला की प्रत्येक पुली हाताने फिरवून बघायची. खरखर लागली तर तिचं बेअरिंग संपलंय, आणि ते बदललं नाही तर नवा पट्टाही काही महिन्यांत जाणार. मग नवा पट्टा त्याच वाटेने चढवायचा, डेक परत बसवायची, झालं. दोन पान्हे, एक पक्कड, एक ब्रश. मला अडीच तास लागले, त्यातला अर्धा तास वाळलेलं गवत खरवडण्यात गेला.

हे एवढंच काम. आणि यावर आपल्या लोकांची जी मुक्ताफळं आहेत ती आता एकेक घेऊ.

पहिलं: "तुझ्या एका तासाची किंमत किती? अडीच तास घालवून तू नुकसानच करून घेतलंस." हा युक्तिवाद सगळ्यात लोकप्रिय, कारण त्यात आपला पगारही हळूच सांगून होतो. वार्षिक पगाराला कामाच्या तासांनी भागायचं आणि येणारा आकडा आयुष्यातल्या प्रत्येक तासावर चिकटवायचा. अरे पण शनिवारी सकाळी दहा वाजताचा माझा तास विकत कोण घेतंय? माझा पगार महिन्याचा आहे. शनिवारी बेल्ट बदलला म्हणून कंपनी पगार कापत नाही आणि नाही बदलला म्हणून वाढवून देत नाही. शिवाय एच-वन-बीवर असलेल्या माणसाला, ज्या कंपनीने त्याचा अर्ज भरला तिच्याशिवाय दुसरीकडे कामच करता येत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज मंजूर व्हावा लागतो. म्हणजे माझा शनिवार बाजारात विकायची कायद्यानेच मनाई आहे. ज्या वस्तूला गिऱ्हाईकच नाही तिची किंमत ताशी साठ डॉलर कुठून आली?

आणि गंमत म्हणजे हाच हिशोब क्रिकेट बघताना कुणी मांडत नाही. आठ तास वनडे बघणारा माणूस कधी म्हणत नाही की आज माझं पाचशे डॉलरचं नुकसान झालं. हिशोबाची वही फक्त हाताला ग्रीस लागायची वेळ आली की बाहेर येते. म्हणजे मुद्दा पैशांचा नाहीच. मुद्दा ग्रीसचा आहे.

दुसरं, आणि हे न बोलता बोललं जातं: "इंजिनियर होऊन मेकॅनिकची कामं?" इथे मला खरा राग येतो. इंजिनियर झालो म्हणजे काय झालो? मेकॅनिकलच्या प्रत्येक पोराने खुर्मी-गुप्तांच्या त्या जाडजूड पुस्तकातून पट्ट्यांचं प्रकरण घोकलेलं असतं. घट्ट बाजूचा ताण, सैल बाजूचा ताण, त्यांचं गुणोत्तर. आकडे घालून बघा. घर्षणांक ०.३ आणि पुलीला अर्धा वेढा धरला तर सपाट पट्ट्याला हे गुणोत्तर येतं साधारण २.६. तोच हिशोब ४० अंशांच्या खाचेत बसणाऱ्या व्ही आकाराच्या पट्ट्याला लावला तर येतं १५ ते १६. म्हणजे तेवढ्याच जागेत, तेवढ्याच वेढ्यात कितीतरी जास्त ओढ. कारण व्ही पट्टा खाचेच्या तळाला टेकतच नाही, तो दोन्ही भिंतींमध्ये पाचर मारल्यासारखा रुतून बसतो. वर्षानुवर्षं घासून तो अरुंद झाला की खाली उतरत उतरत तळाला टेकतो. पाचर संपली, पकड संपली. म्हणून मशीन सपाटीवर चालत होतं आणि चढावर मरत होतं.

हे समीकरण परीक्षेत यायचं, आपण उतरवून यायचो, मार्क पडायचे. पण जुना पट्टा हातात घेऊन नव्याच्या शेजारी धरला, त्याच्या कडा आरशासारख्या गुळगुळीत झालेल्या पाहिल्या, तेव्हा ते समीकरण पहिल्यांदा *दिसलं*. आता सांगा, यात इंजिनियरिंगचा अपमान झाला का पहिल्यांदाच थोडंफार इंजिनियरिंग झालं?

फर्स्ट इयरला वर्कशॉप नावाचा विषय होता आठवतंय? खाकी कोट, हातात कानस, लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत बसवायचे. त्या विषयाची आपण केवढी टिंगल करायचो. किती जणांचे जॉब वर्कशॉपमधल्या मामांनी घासून दिले हे सगळ्या कॉलेजांना माहीत आहे. म्हणजे डिग्री मिळायच्या आधीच आपण शिकलो होतो की हाताचं काम पैसे टाकून करून घ्यायचं असतं. आणि ही सवय काही कॉलेजने लावलेली नाही. आपल्याकडे कामांची एक उतरंड आहे. डोक्याने करायचं ते वरचं, हाताने करायचं ते खालचं. ही उतरंड जातीच्या उतरंडीला चिकटून आपल्यापर्यंत आली आहे. हे बोललं की पार्टीत शांतता पसरते, पण म्हणून ते खोटं ठरत नाही. "हात काळे करणं" हा शब्दप्रयोग आपण शिवीसारखा वापरतो तो उगाच नाही. हात काळे झाले म्हणजे जणू तोंडच काळं झालं!

माझ्या आईकडे पायमशीन होतं. शिलाईचं. खालच्या मोठ्या चाकापासून वरच्या लहान चाकापर्यंत चामड्याची गोल वादी, तोच त्या मशीनचा पट्टा. काही महिन्यांनी तो सैल पडायचा आणि घसरायचा. मग आई पक्कडीने तारेची कडी उघडायची, बोटाच्या पेराएवढा तुकडा कापायची, टोकाला भोक पाडून कडी परत दाबून बसवायची. दहा मिनिटांत मशीन सुरू. आई बी.कॉम. आहे, तिने खुर्मी-गुप्ता बघितलेलं नाही. पण चालक पट्टा कधी सैल झाला, का सैल झाला आणि किती आवळायचा हे तिला कळत होतं. तिला कुणी म्हणालं नाही, "वहिनी, तुम्ही कशाला हात काळे करता?" कारण बाईने घरात केलेलं काम हे कामच धरलं जात नाही, त्यामुळे त्यात प्रतिष्ठा जायचा प्रश्नच नाही. प्रतिष्ठेची काळजी फक्त डिग्रीवाल्या मुलाची. वा रे न्याय!

आणि ज्यांना मोठी नावं लागतात त्यांच्यासाठी: लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारा माणूस. त्यांनी १८८८ साली बेळगावात काय काढलं? सायकलचं दुकान. पुढे लोखंडी नांगर, १९१० साली किर्लोस्करवाडी, आणि मग आपण आज अभिमानाने ज्याला मराठी उद्योग म्हणतो ते सगळं. सुरुवात सायकलपासून झाली. आपल्याला किर्लोस्कर व्हायचंय, फक्त सायकलचं दुकान तेवढं मधून वगळून हवंय.

तिसरं: "स्वतः उघडलंस तर वॉरंटी जाईल." माझं मशीन इतकं जुनं आहे की त्याची वॉरंटी बहुतेक बुशसाहेबांच्या काळातच संपली असेल. पण प्रश्न चांगला आहे, कारण ही भीती मुद्दाम पेरलेली आहे. अमेरिकेत १९७५ सालापासून मॅग्नसन-मॉस नावाचा वॉरंटीचा कायदा आहे. त्याप्रमाणे 'आमचेच पार्ट लावा, आमच्याच माणसाकडून दुरुस्त करा, नाहीतर वॉरंटी रद्द' अशी अट कंपनीला सर्रास घालता येत नाही. तो पार्ट किंवा ती सेवा फुकट देत असतील, किंवा सरकारी आयोगाने खास सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी. तरीही कंपन्या अशी वाक्यं छापत राहिल्या. २०२२ साली फेडरल ट्रेड कमिशनने याच कारणासाठी हार्ले-डेव्हिडसन आणि ग्रिल बनवणारी वेबर यांच्यावर कारवाई केली आणि त्यांना ती भाषा काढायला लावली. म्हणजे कायदा येऊन ४७ वर्षं झाल्यावर! या भीतीवर मधली ४७ वर्षं किती दुकानांची बिलं निघाली असतील ते तुम्हीच बघा.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. इथपर्यंत वाचलं असेल तर पुढचं नीट वाचा, कारण पुढे आरोपीच्या पिंजऱ्यात आपण आहोत.

माझ्या घरापासून दोन-सव्वादोन तासांवर मोलीन नावाचं गाव आहे. तिथे जॉन डिअर कंपनीचं मुख्यालय. (माझं मशीन हिरवं नाही, त्यामुळे माझं या कंपनीशी वैयक्तिक काही भांडण नाही.) जॉन डिअर हा लोहार होता. १८३७ साली याच इलिनॉयमध्ये, ग्रँड डिटूर नावाच्या गावात त्याने इथल्या चिकट मातीत न अडकणारा पोलादी नांगर केला. तुटक्या करवतीच्या पात्यापासून केला असं सांगतात. म्हणजे बघा, आपला किर्लोस्कर काय किंवा यांचा डिअर काय, दोघांचीही सुरुवात काळ्या हातांनी आणि नांगराने.

त्याच लोहाराच्या नावाच्या कंपनीने २०१५ साली अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसला लेखी कळवलं की ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याला त्यातल्या सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाही, गाडी चालेपर्यंत ती चालवण्याचा एक गर्भित परवाना मिळतो. म्हणजे पैसे देऊन आणलेला बैल तुमचा, पण बैलाचं डोकं व्यापाऱ्याचं. त्याच वर्षी सरकारने शेतीच्या वाहनांना १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यातून दुरुस्तीपुरती सूट दिली. २०२३ साली कोलोरॅडो राज्याने शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो २०२४ पासून लागू झाला. आणि जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, इलिनॉय आणि मिनेसोटा राज्यांना बरोबर घेऊन, डिअरवर खटला भरला. आरोप असा की दुरुस्तीचं पूर्ण क्षमतेचं सॉफ्टवेअर कंपनी फक्त आपल्या डीलरांना देते, त्यामुळे शेतकऱ्याला आणि गावातल्या मेकॅनिकला बरीच कामं करताच येत नाहीत. कंपनीने आरोप फेटाळले. २०२५ मध्येच तिने मालकांसाठी दुरुस्तीचं एक डिजिटल साधनही आणलं, वार्षिक फी लावून.

माझ्या जुन्या मोवरवर असलं काही नाही. त्याचा पट्टा मी कुणाकडूनही आणला, घातला, पुली फिरली. पुलीने पट्ट्याला विचारलं नाही की बाबा रे, तू अधिकृत आहेस का? तुझा सिरियल नंबर सर्व्हरवर नोंदवलाय का? पण नव्या यंत्रांमध्ये हे विचारलं जातं. पार्ट अस्सल असला, त्याच कंपनीच्या दुसऱ्या मशीनमधून काढलेला असला, तरी सॉफ्टवेअरने दोघांची गाठ बांधून दिल्याशिवाय चालत नाही, असे प्रकार फोनपासून यंत्रांपर्यंत सुरू झाले. ओरेगॉन राज्याला २०२४ साली यावर वेगळा कायदा करून बंदी घालावी लागली.

हे कुलूप कोण लिहितं? आकाशातून पडत नाही ते. लोहार लिहीत नाही, विक्रेता लिहीत नाही, डीलर लिहीत नाही. कुठल्यातरी ऑफिसात, कुठल्यातरी सोमवारी, एक तिकीट येतं: 'पार्टचा नंबर जुळला नाही तर एरर दाखवा.' तीन पॉइंटची स्टोरी. आपल्यातलाच कुणीतरी ती उचलतो, दोन दिवसांत कोड लिहितो, टेस्ट लिहितो, डेमो देतो, टाळ्या पडतात. त्याला त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते दिसत नाही. दुसऱ्या टोकाला पेरणीच्या किंवा कापणीच्या ऐन हंगामात बंद पडलेलं यंत्र आहे, पावसाचे ढग आहेत, आणि डीलरच्या माणसाची वाट बघत बांधावर बसलेला शेतकरी आहे.

तो शेतकरी आपल्याला का दिसत नाही? कारण आपण आयुष्यात कधी पट्टा बदललेला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याने कधी काही उघडलं नाही त्याला कुलूप लावताना काही वाटत नाही. ज्याच्या मते वस्तू म्हणजे बंद डबा, बिघडला की देऊन टाकायचा, त्याला सगळ्या जगाचे डबे बंद करून टाकण्यात वावगं काय दिसणार? "देऊन टाक ना कुणालातरी" हे वाक्य शनिवारी गॅरेजमध्ये बोलणारा आणि सोमवारी ते कुलूप लिहिणारा, हा एकच माणूस आहे.

चौथा आक्षेप शहाण्यासारखा वाटतो म्हणून शेवटी ठेवला: "सगळ्यांनी स्वतःच दुरुस्त्या केल्या तर मेकॅनिकने खायचं काय?" मेकॅनिकबद्दलचा हा कळवळा मला फार आवडतो, कारण तो फक्त स्वतः काम टाळताना उफाळून येतो. त्याच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करताना कुठे जातो? अरे, कुलूप लागतं तेव्हा पहिला बळी मेकॅनिकचाच जातो. नाक्यावरच्या माणसाला कंपनी सॉफ्टवेअर देत नाही, पार्ट देत नाही, मॅन्युअल देत नाही. मला माझं मशीन उघडायचा हक्क असेल तरच त्याला ते उघडायचा हक्क आहे. दोन्ही हक्क एकच आहेत. २०२१ साली फेडरल ट्रेड कमिशनने काँग्रेसला दिलेल्या अहवालातही हेच आलं की दुरुस्तीवर बंधनं घालण्यासाठी कंपन्या जी कारणं देतात, त्यांच्यामागे पुरावा फारसा नाही.

आणि मी सगळंच स्वतः करा असं म्हणत नाहीये. त्या मोवरचा मागचा गिअरबॉक्स उद्या गेला तर मी मुकाट्याने त्याच दुकानात जाईन आणि तो माणूस सांगेल ते पैसे देईन. फुगलेली लिथियमची बॅटरी, गॅसची लाईन, मायक्रोवेव्हच्या आतला कपॅसिटर, यांना हात लावू नका. पण आपल्याला काय येतं आणि काय येत नाही याची रेघ कुठे आहे, हे तरी माहीत हवं की नाही? आपण ती रेघ स्क्रू-ड्रायव्हरच्या अलीकडेच मारून मोकळे झालोय. शिवाय स्वतः एक पट्टा बदललेला माणूस मेकॅनिकशी वेगळ्या आदराने बोलतो. पाठीवर झोपून, डोळ्यात गवत पडत असताना, न दिसणारा बोल्ट बोटांनी चाचपत शोधणं म्हणजे काय, हे त्याला कळलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तुझ्या अमेरिकेतलं, आमच्याकडे कुठे आलंय एकराचं गवत? गवत नाही आलं, कुलूप आलंय. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं धरली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं. शेतीची अवजारं पहिल्या यादीतच आहेत, हे लक्षात घ्या. ज्या देशात पंक्चरवाला, मिक्सरवाला, गिरणीवाला आणि माझी आई, सगळे मिळून वस्तूंना वीस-वीस वर्षं जगवत होते, त्या देशाला दुरुस्तीचा हक्क मागायची वेळ आली. आणि तो हिरावणारा कोड बऱ्यापैकी आपल्याच हिंजवडीत आणि व्हाइटफील्डमध्ये लिहिला जातोय असं म्हटलं तर कुणाला फार धक्का बसेल असं वाटत नाही.

म्हणून दोनच मागण्या. एक, या वीकेंडला घरातली एक तरी वस्तू स्वतः उघडा. वॉशिंग मशीनचा पट्टा, मिक्सरचं कपलर, सायकलची चेन, काहीही. प्लग काढून उघडा, फोटो काढा, दुरुस्त करा, परत लावा. दोन, पुढच्या वेळी 'अनधिकृत पार्ट असेल तर बंद पाडा' छापाचं तिकीट तुमच्या टेबलावर आलं तर निमूटपणे उचलू नका. मीटिंगमध्ये हात वर करा आणि विचारा, 'हे नक्की कुणाच्या फायद्याचं आहे?' नोकरी जाणार नाही. फार तर मॅनेजर कपाळाला आठ्या घालेल.

वर केलेल्या त्या हाताच्या नखांत थोडं ग्रीस असेल, तर प्रश्नाला जरा वजन येईल.

ता. क.: कुणी खरंच मोवरचा पट्टा बदलणार असेल तर एक सांगतो. जुना पट्टा मोजून नवा आणू नका, तो ताणलेला आणि झिजलेला असतो. सीटखाली किंवा फ्रेमवर मॉडेल नंबरची पट्टी असते, त्यावरून पार्ट नंबर शोधा. आणि हार्डवेअरच्या दुकानातला त्याच मापाचा साधा व्ही पट्टा घालू नका. क्लचसारखं घसरणं आणि पकडणं सोसेल असं वेगळं कापडी आवरण मोवरच्या पट्ट्याला असतं, साधा पट्टा तिथे लवकर जळतो.